बूट हातात घेऊन ये

किनेश्मा, ३ ऑक्टोबर १९७१

परम आदरणीय कवी रोदिओन मात्वेयेविच वोल्गिन यांस,

एवढं लिहिताना मला दोनदा हसू आलं, म्हणून आता नेहमीसारखंच लिहिते. रोद्या, मी ग्लाफिरा. गोर्की शहरातल्या कारखान्याच्या क्लबात पियानो बडवायची ती. दोन हिवाळे तुझी बायको होते. तुझ्या छापील चरित्रात त्याचा उल्लेख नाही, तेव्हा तुलाही आठवत नसेल.

घाबरू नकोस, तुझ्या मॉस्कोच्या घरात मला खोली नको आहे. तुझ्या त्या गाणाऱ्या बाईला तसं सांगून टाक, म्हणजे ती हे पत्र निवांतपणे चोरून वाचेल.

तुझी प्रगती मी बघत असते. सण आला की टीव्हीवर तू असतोसच, टाळणार कसं? कपाळ फार रुंद झालंय तुझं. परवा एका मासिकात वाचलं की तुझे वडील लोहार होते. बालाख्न्यात त्यांचं न्हाव्याचं दुकान होतं आणि त्यांनी माझे कपाळावरचे केस वाकडे कापले होते, ते मला चांगलं आठवतं. आता लोहार झालेत, पुढच्या वर्षी बिचारे क्रांतीत हुतात्मा होतील. पडीक जमिनी नांगरायची लाट आली तेव्हा तू नांगरावर गाणं लिहिलंस; गहू आणि राय समोर ठेवले तर तुला ओळखता येत नाहीत. माणूस अवकाशात गेला, तू ताऱ्यांवर लिहिलंस. तुला तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं तरी भोवळ येते. सैबेरियातलं धरण बांधता बांधता माणसं म्हातारी झाली, तुझं धरणावरचं गाणं जेवण आणि चहा यांच्या मधल्या वेळात झालं. आणि ते तसंच वाटतं.

पण एक गाणं मात्र लोक खरंच गातात. लग्नात गातात, मयताला गातात, दारू प्यायलेले गातात आणि दारू सोडलेले तर जास्तच गातात. त्याच्याविषयीच लिहिते आहे.

आपण 'मासा' कशाला म्हणायचो, आठवतं? आता तुझ्याकडे सरकारी संगीतकार संघाचे मोठमोठे सभासद येतात, पण तेही म्हणतच असतील. चाल आधी तयार असते, शब्द अजून झालेले नसतात, तेव्हा संगीतकार चालीच्या मापाचं काहीही गुणगुणतो. बाजाराची यादी म्हण, शेजारणीला दिलेल्या शिव्या म्हण. तो मासा. कवीनं त्यावरून माप घ्यायचं, खरे शब्द लिहायचे आणि मासा फेकून द्यायचा. त्या संध्याकाळी मी तुला माझी चाल वाजवून दाखवली आणि तोंडाला आलं ते म्हटलं. माझा भाऊ द्योमा संध्याकाळी बाजा घेऊन नदीकडे निघाला की आई त्याला जे म्हणायची ते. कडी काढून ठेवते. चूल ऊन राहील, वाडगा आत झाकलाय. बूट हातात घेऊन ये, धाकटी निजलीय.

तू म्हणालास, "छान माप आहे, उद्या शब्द देतो." तो उद्या अजून यायचाय. मॉस्कोतल्या परीक्षक मंडळाला माझी चाल चालली नाही, कारण माझ्याकडे पदविका नव्हती. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून नवी चाल करून घेतली. जगात पहिल्यांदाच असं झालं असेल की चाल फेकली, कवी फेकण्यासारखा असून ठेवला, आणि मासा सगळ्या देशाला वाढला.

मी तेव्हा भांडले नाही आणि आताही भांडत नाही. तुझ्यापाशी दुसरं काहीच नाही हे मला माहीत होतं.

गोष्ट आईची आहे. गावाकडचं घर सोडून ती आता माझ्याकडे असते. डोळ्यांत पडदे आलेत. उजेड आणि सावली एवढंच कळतं. हृदय तर इतकं थकलंय की डॉक्टरीणबाई तिच्याशी गोड बोलायला लागल्या आहेत. द्योमा बेचाळीस साली बेपत्ता झाला. मेला असं कोणी लिहून दिलं नाही, फक्त 'वार्ता नाही'. आणि दर रविवारी रेडिओवर फर्माइशींच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी ते गाणं मागतंच. आई हात मांडीवर ठेवून ऐकते. गेल्या महिन्यात एकदम म्हणाली, "ग्लाशा, द्योमा जिवंत आहे. तो रेडिओत गाणी लिहितो."

मी म्हटलं, "आई, ते वोल्गिनचं गाणं आहे."

"वोल्गिन! व्होल्गा नदीवरून कोणी आडनाव ठेवतं का? घेतलेलं नाव आहे ते. जर्मनांनी पकडला असेल. पकडले गेलेल्यांना परत आल्यावर काय काय भोगावं लागलं ते मला माहीत आहे. तो नाव बदलून राहिला, आणि पत्र लिहायची सोय नाही म्हणून गाण्यातून सांगतोय. माझे शब्द, गं. त्याच्याशिवाय कोणाला माहीत?"

यातलं एक वाक्यही वेडगळ नाही, हीच पंचाईत आहे. आमच्या गल्लीत असा एक जण खरंच परत आला, दुसऱ्या नावाने. आणि आडनाव घेतलेलं आहे, हेही खरंच.

मी तिला सगळं सांगितलं. ते शब्द मी म्हटले, वोल्गिन म्हणजे माझा तेव्हाचा नवरा त्युरिन. ती काय म्हणाली ऐक. "त्युरिन? ज्यानं मला कधी चार ओळींचं पत्र लिहिलं नाही, तो गाणं लिहिणार? आणि तुला ते शब्द कुठले माहीत, तू तर निजलेली असायचीस."

तेव्हा तूच लिही. तिच्या नावाने, तुझ्या हातचं पत्र. मी वोल्गिन नाही, त्युरिन आहे. हे शब्द मला तुमच्या मुलीनं सांगितले. तुमच्या मुलाला मी ओळखत नाही. मी वाचून दाखवेन. तिच्यापाशी थोडे दिवस उरलेत, ते ती रेडिओकडून उत्तराची वाट बघत घालवते आहे. मुलासाठी एकदा रडून घेऊ दे तिला.

तुझ्या आयुष्यातली ही पहिली खरी रचना होईल. यमक नसलं तरी चालेल.

ग्लाफिरा


किनेश्मा, २९ ऑक्टोबर

रोद्या,

मी पत्र मागितलं आणि तू पुस्तक पाठवलंस. सोनेरी अक्षरांचं, आत तुझा फोटो, गालाला हात लावून तू देशाची चिंता करतो आहेस. दात दुखतोय असं वाटतं.

सोबतची तुझी चिठ्ठी वाचली. 'शब्द कोणाचे हे विचारणं कलेत क्षुद्रपणाचं आहे, ते लोकांच्या आत्म्यातून येतात.' म्हणजे वसंतात मोठ्या पारितोषिकाची बैठक आहे आणि तुला कागदावर काही लिहून द्यायचं नाही. सरळ सांगायचं होतंस. लोकांचा आत्मा त्या संध्याकाळी तुझे मोजे रफू करत होता, एवढं लक्षात ठेव.

पण पुस्तकावर तू जे लिहिलंस! 'रशियन मातेस, तिच्या कृतज्ञ पुत्राकडून.' तू हे सगळ्यांनाच लिहितोस, मला माहीत आहे. आमच्या वाचनालयातल्या मुलीनं इव्हानोव्होला तुझी सही घेतली होती, तिलाही हेच लिहून दिलंस. तिचं अजून लग्न व्हायचंय. ती घरी जाऊन रडली.

टपालवाल्यानं दारातच पाकीट फोडलं, कारण त्याला तुझी सही बघायची होती, आणि मोठ्यानं वाचलं. मी कामावरून आले तेव्हा आई पुस्तक छातीशी धरून बसली होती. "पुत्राकडून," म्हणाली. "बघ, आता उघड लिहायला लागला." शाईवरून बोट फिरवत होती. मी पुन्हा सांगायला गेले, तर म्हणाली, "तुला हेवा वाटतो. लहानपणीही वाटायचा."

एक शहाणपणा कर, आता काही पाठवू नकोस. तुझ्या पुस्तकाची प्रस्तावना मात्र मी वाचली. कोणी प्राध्यापक लिहितो की 'धाकटी' म्हणजे नुकतीच जन्मलेली जागतिक शांतता, आणि तिची झोप मोडू नये म्हणून सैनिक बूट हातात घेतो. प्राध्यापकसाहेबांना कळव, जागतिक शांततेला तेव्हा गोवर झाला होता आणि तिचं नाक वाहत होतं.

ग्लाफिरा


किनेश्मा, १२ डिसेंबर

रोदिओन,

आज विनोद नाही.

आई रात्री कडी लावू देत नाही. मी लावली की उठून काढते. बाहेर थंडी अशी आहे की बादलीतलं पाणी घरात गोठतं, आणि आमचं दार वाऱ्यानं उघडतं-मिटतं. वाडगा चुलीत झाकलेला असतो. तिनं लोकरीचे हातमोजे विणले आहेत, आंधळेपणी, एक बोट जरा आखूड झालंय. गुरुवारी मी शिकवणीला गेले होते, तर ती स्टेशनवर गेली. फेल्टचे बूट, डोक्यावर शाल, काखेत तुझं पुस्तक. तिकिटाच्या खिडकीशी जाऊन म्हणाली, मॉस्कोचं एक द्या, माझा मुलगा टीव्हीत असतो. एका हमालानं तिला हाताला धरून घरी आणून सोडलं. तेव्हापासून खोकते आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, परत अशी बाहेर पडली तर मला बोलावू नका, उपयोग नाही.

वर्तमानपत्रात वाचलं की फेब्रुवारीत तू इव्हानोव्होला विणकर बायकांच्या समारंभाला येतो आहेस. ताग्यांवर काहीतरी रचलं असशीलच. तिथून किनेश्मा लांब नाही, आणि तुला गाडी देतात. ये. पत्र नको, कागद नको, तुझ्या पारितोषिकाच्या बैठकीला काही कळणार नाही. तोंडानं सांग. तुझा आवाज ऐकला, चेहरा चाचपला, की तिला कळेल.

तू मला सोडून गेलास त्याचं मला काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं होतं. पण त्यासाठी मी तुला कधी काही मागितलं नाही. हे मागते.

ग्लाफिरा


किनेश्मा, २० जानेवारी १९७२

रोदिओन,

तुझ्या चिटणीस बाईंचं पत्र आलं. 'कविवर्य शनिवारी दुपारी एक तास देऊ शकतील.' कविवर्यांचे उपकार.

आता नीट वाच, कारण तुला पाठांतराची सवय नाही, दुसरे पाठ करतात. घर जुनं आहे, बंधाऱ्याच्या वरच्या गल्लीत, निळ्या खिडक्यांचं. सोबतच्या अधिकाऱ्याला गाडीतच बसव. कोन्याकची बाटली आणू नकोस. आत यायचं, बसायचं आणि म्हणायचं, "मी त्युरिन. शब्द ग्लाशाचे आहेत. तुमचा द्योमा मला कधी भेटला नाही." बस. 'आत्मा' हा शब्द वापरायचा नाही. डोळे पुसायचे नाहीत.

ती रडेल. ते मी बघेन.

ग्लाफिरा


किनेश्मा, ५ मार्च १९७२

रोदिओन मात्वेयेविच,

मासिक मिळालं. तुझी नवी कविता, 'मातेचे हात', पान चौथं, चौकटीत. व्होल्गाकाठची अंध वृद्धा कवीला आपला हरवलेला मुलगा समजते, कवी तिचा भ्रम मोडत नाही, तिनं विणलेले हातमोजे घालून तो हिमात चालत जातो. तू चालत गेला नाहीस, काळ्या गाडीतून गेलास, आणि ड्रायव्हरनं आमच्या शेजारणीचं कुंपण मोडलं. सोबत मला लिहितोस, 'मी तिला शेवटचं सुख दिलं, ग्लाशा, तू मला क्षमा करशील.' आणि हीच कविता कोणाकडून तरी चालीत बसवून घेतो आहेस म्हणे.

आपलं काय ठरलं होतं? तीन वाक्यं. मी फळ्यांच्या आडभिंतीमागे उभी होते, आणि तू आत आलास तो बूट हातात घेऊन. आमच्याकडे बूट काढतात आणि दारापाशी ठेवतात. तू ते दोन्ही हातांत उचलून धरलेस आणि पावलं न वाजवता आलास. मग म्हणालास, "आई, मी आलो." तुझ्या एवढ्या वर्षांच्या लिखाणात याहून स्वस्त ओळ मी वाचली नाही, आणि मी तुझं टूथपावडरवरचंही वाचलं आहे. मला तिथल्या तिथे तुला चुलीतल्या लाकडानं हाणावंसं वाटलं. आईकडे बघून थांबले.

आईनं तुझा चेहरा चाचपला. कान, कपाळ, ते रुंद कपाळ. मग म्हणाली, "बस. सूप गरम आहे." तू कोबीचं आंबट सूप तीन वाडगे खाल्लंस आणि त्यात रडलास. तिनं तुला हातमोजे दिले, तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, "गाडी थांबलीय, जा आता," म्हणाली. तू गेलास. इथपर्यंत तुझ्या कवितेत आहे. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी वाडगे आवरत होते. रागानं एकेक आदळत होते. आई म्हणाली, "ग्लाशा, हाच का गं तुझा तो त्युरिन?"

माझ्या हातातून चमचा पडला.

"सासूला भेटायला सवड झाली म्हणायची शेवटी," ती म्हणाली. "अंगानं सुटलाय. तोंडाला कसलं तेल लावतो तो?"

"आई, तुला कळलं होतं? कधी?"

"दारातच. बूट हातात घेऊन आला ना, खाली ठेवल्याचा आवाजच नाही. द्योमानं एकदा तरी आणले होते का? धाड धाड करत यायचा मेला, कोंबड्या उठायच्या. आणत असता तर मी रोज कशाला घसा कोरडा केला असता? ज्याला नुसतं गाणं ठाऊक आहे, तोच तसा येईल."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? रडत होता. आणि भुकेला होता गं. कोणी गरम वाढत नसेल त्याला. एवढा मोठा माणूस खोटं बोलायला इतक्या लांब आला, म्हटलं जेवून तरी जाऊ दे."

तर हे असं आहे, कविवर्य. तू तिला फसवलं नाहीस. तिनं तुला फसू दिलं, जसं हट्टी पाहुण्याला जिंकू देतात. तुझ्या कवितेत भ्रम कोणाचा आहे ते एकदा तपासून घे, चाल बसवायच्या आधी.

मग ती नीट टेकून बसली. हात मांडीवर, रविवारी असतात तसे. नंतर विचारलं, "म्हणजे शब्द त्याला तूच सांगितलेस?"

"मी तुला सांगितलं होतं, आई."

"पण तू निजलेली असायचीस."

"तूच म्हणालीस ना आत्ता, धाड धाड करत यायचा. त्यात कोण झोपेल? तो निघायचा तेव्हाही मी जागी असायचे, तू त्याला काय म्हणतेस ते ऐकत. आणि तो परत आला की चुलीच्या माथ्यावर, मी निजायचे तिथे, हात घालून माझ्या मुठीत साखरेचा खडा ठेवायचा. त्यासाठी मी डोळे मिटून वाट बघायचे."

"साखरेचा?" आई म्हणाली. "डब्यातल्या?"

"हो."

"अगं बाई. आणि मी उंदरांच्या नावानं शंख करत होते. सापळा लावला होता, आठवतं?" ती हसायला लागली. डोक्यावरची शाल घसरली तरी हसत होती. हसता हसता तिचा चेहरा मोडला, आणि मग ती रडली. मोठ्यानं, गावाकडच्या बायका रडतात तशी, त्याचं नाव घेऊन, त्याच्या खोड्या एक एक मोजून. इतक्या वर्षांत मी तिला त्याच्यासाठी रडताना पाहिलं नव्हतं. मेला असं कोणी लिहून दिलं नव्हतं, त्यामुळे तिला रडता येत नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझी मूठ उघडून बघितली, रिकामी होती, तरी दोन्ही हातांत धरून ठेवली.

अंधार पडायला लागला तशी ती उठली. भिंत चाचपत दाराशी गेली. कडी थंडीनं इतकी आखडली होती की सरकेना. मी मदतीला गेले तर मला कोपरानं ढकललं. तळहातानं ठोकून ठोकून तिनं कडी घातली, आणि परत येऊन म्हणाली, "चुलीतला वाडगा काढ. तू जेवली नाहीस." तो रोज त्याच्यासाठी झाकलेला वाडगा. मी जेवले. तिनं समोर बसून जेवू घातलं.

तिचा खोकला कमी आहे. रविवारी गाणं लागलं, तर मला म्हणाली, "तुझं लागलंय, आवाज मोठा कर."

तेव्हा पारितोषिक घे. कविताही छाप, चालही बसव, तुला कोण अडवणार. कान पिळावेत असा तू नेहमीच होतास, आता तेवढाही रस उरला नाही मला. हातमोजे मात्र वापर, आईनं विचारलंय अंगठा टोचतो का.

आणि पुन्हा कधी या बाजूला आलास तर बूट पायातच असू देत. दार वाजव. आता कडी असते.

ग्लाफिरा